गालातला बदाम

"फुगवू नकोस! कुमुद, फुगवू नकोस ती!"

बोर्गहिल्डबाई ओरडल्या आणि डाव्या हातातल्या लांब लाकडी पट्टीनं त्यांनी माझ्या पोळीला भोसकलं. इतकी देखणी, टम्म फुगली होती. फुस्स करून बसली बिचारी.

"ही लेफ्से आहे," त्या म्हणाल्या. "लेफ्से सपाट असते. मऊ, सपाट, तपकिरी डागांची."

"मी काही करत नाही हो. ती आपणच फुगते."

"तुझ्या हातात काहीतरी खोट आहे."

भुसावळला माझ्या सासूबाईंनी असल्याच फुगलेल्या पोळीवर मला पसंत केलं होतं. पण ते त्यांना कुठल्या भाषेत सांगणार? मी बटाटा कुस्करून मळलेल्या त्या पिठाचा दुसरा गोळा घेतला, परातीएवढा लाटला, पट्टीवर उचलून त्या भल्यामोठ्या तव्यावर उलगडला. आम्ही दोघी वाकून बघत राहिलो. कडेला एक फोड आली. मग मधोमध आली. माझ्या चेहऱ्यावर आनंद पसरायला लागला तशी त्यांनी पट्टी उचलली.

नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं ते एक लहान गाव होतं. माझे यजमान सुधाकर तिथल्या समुद्रातल्या तेलविहिरीवर इंजिनियर होते. काही आठवडे समुद्रात, काही आठवडे घरी, असा त्यांचा संसार. मी मात्र बारा महिने घरीच. त्या वर्षी नाताळात त्यांची पाळी समुद्रात आली होती. आम्ही भाड्यानं राहायचो ते घर अर्धं जमिनीत होतं. खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्यांचे बूट दिसायचे, माणसं दिसायची नाहीत. हिवाळ्यात तिथला दिवस म्हणजे कुणी दार किलकिलं करून डोकवावं आणि "चुकलो" म्हणून परत जावं, तेवढाच. सुधाकर नसले की मला माणसाच्या आवाजाची इतकी भूक लागायची की मी वरच्या मजल्यावरच्या पावलांशी बोलायचे. पावलं चुलीकडून खिडकीकडे गेली की खालून विचारायचे, "झाली का कॉफी?" ती परत चुलीकडे गेली की म्हणायचे, "बरं बरं, सावकाश होऊ द्या."

ती पावलं आमच्या घरमालकीण बोर्गहिल्डबाईंची. नवरा मासेमारीच्या बोटीवर होता, तो जाऊन बरीच वर्षं झालेली. त्यांच्या भाषेत आजीच्या वयाच्या बाईलाही नुसतं नावानं हाक मारतात, सगळ्यांना एकच 'तू'. मी तोंडानं 'बोर्गहिल्ड' म्हणायचे आणि मनात लगेच 'बाई' आणि 'तुम्ही' जोडून टाकायचे. इथंही तसंच लिहिते आहे.

आम्ही राहायला गेलो तेव्हा पहिल्याच आठवड्यात मी त्यांना डबाभर उपमा नेऊन दिला होता. दारातच त्यांनी "थँक्यू" म्हटलं, डबा घेतला आणि दार लावलं. दुसऱ्या दिवशी डबा जिन्याच्या पायरीवर होता. घासूनपुसून लख्ख. आणि रिकामा! साखरेचे चार दाणेसुद्धा नाहीत. आमच्या आळीत कुणी असा डबा परत केला असता तर लग्नाकार्याला बोलावणं बंद झालं असतं. मी महिनाभर मनातल्या मनात त्यांच्याशी अबोला धरला. त्यांना तो कळला नसावा, कारण तसंही आम्ही बोलत नव्हतो.

मग त्या डिसेंबरात बोर्गहिल्डबाई दारातल्या बर्फावरून घसरल्या. चारपाच दिवसांनी माझं दार वाजलं. बाहेर त्या, उजवा हात कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टरमध्ये.

"तुला वेळ आहे?" त्यांनी विचारलं.

वेळ सोडून माझ्याकडे दुसरं काही नव्हतं. मी मान डोलावली.

"स्वेर्रे येतोय. माझा मुलगा. चोवीस तारखेला, बायको-मुलांना घेऊन. कितीतरी वर्षांनी येतोय." त्या माझ्याकडे न बघता माझ्या दाराच्या चौकटीकडे बघत होत्या. "सात प्रकार झाले पाहिजेत. आणि माझा हात हा असा."

"कशाचे सात?"

"बिस्किटांचे. नाताळात टेबलावर सात प्रकार लागतात. घरी केलेले."

"सहाच झाले तर?"

"तर लोक म्हणतील, बोर्गहिल्ड संपली."

"आणि आठ झाले तर?"

"तर म्हणतील, बोर्गहिल्डला मस्ती आली."

त्यांच्या देशात आल्यापासून मला पहिल्यांदा काहीतरी कळलं. दिवाळीत आमच्याकडे ताटात अनारसा नसला की मावशा एकमेकींकडे कशा बघायच्या, ते मी बघितलेलं होतं. मी पदर खोचला. म्हणजे स्वेटरच्या बाह्या वर सारल्या.

त्यानंतरचे दिवस आमचे दोघींचे मिळून दोन हात नि एक जीभ असे गेले. हात माझे, जीभ त्यांची. थोडं त्यांचं इंग्रजी, थोडं माझं शिकवणीतलं नॉर्वेजियन आणि उरलेलं बोटानं दाखवून. नक्षीच्या दोन लोखंडी पत्र्यांमध्ये पातळ पीठ ओतून भाजायचं, आणि गरम आहे तोवर लाकडी शंकूवर गुंडाळायचं. माझी बोटं भाजली की त्या म्हणायच्या, "हं, आता बरोबर जमतंय." छोट्या छोट्या पत्र्याच्या वाट्यांना आतून पीठ थापून भाजायचं, थेट आपली नानकटाई. शंकरपाळ्याला मधे चीर देऊन एक टोक त्यातून ओढून घ्यायचं, त्याला ते 'गरीब माणूस' म्हणतात.

"गरीब का?"

"एवढी अंडी नि साय घातल्यावर माणूस गरीबच होतो."

तो गरीब माणूस डुकराच्या चरबीत तळतात. मी म्हटलं, मी तेलात तळीन. त्यांनी नाक मुरडलं. मी तळला. त्यांनी खाल्ला, आणखी एक खाल्ला नि म्हणाल्या, "स्वेर्रेला फरक कळायचा नाही."

सगळ्यात वेलची. त्या डबीतली पूड चिमटीनं मोजून घालायच्या. मी खालून माझी भुसावळहून आणलेली पुडी आणली आणि खलात कुटली. बोर्गहिल्डबाई खलात नाक घालून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"ही तुमच्याकडे झाडाला लागते?"

"आमच्या गावात नाही. आमच्याकडे केळी आणि ऊन."

"ऊन," त्यांनी तो शब्द चवीनं म्हटला आणि खिडकीतल्या काळोखाकडे बघितलं. दुपारचे चार वाजले होते.

स्वेर्रेबद्दल त्या फार बोलायच्या नाहीत. कपाटावर एक फोटो होता, दात पडलेला मुलगा हातात मासा धरून. नातवंडांचा फोटो नव्हता. मी विचारलं तर म्हणाल्या, "ती मोठी झाली असतील." एकेक प्रकार डब्यात भरताना मात्र त्या मला एक चाखायला द्यायच्या आणि विचारायच्या, "हा आवडला? की कालचा?" मी कालचा म्हटलं की कालच्याचा घाणा पुन्हा काढायला लावायच्या. मला वाटे, बाई काटेकोर आहे. परक्या जिभेवर परीक्षा घेते आहे.

लेफ्से करायचा दिवस सगळ्यात शेवटचा. माझ्या पोळ्या फुगत होत्या, त्या भोसकत होत्या.

"चोवीस तारखेला इथं सगळ्या घरांत खारवलेलं मेंढीचं मटण शिजतं," भोसकता भोसकता त्या म्हणाल्या. "दुपारपासून वाफेवर. अख्ख्या रस्त्याला वास. स्वेर्रे त्याच्यासाठी जीव टाकतो." मग जरा थांबून, "तू मेंढी खात नाहीस ना?"

"नाही."

"मासे?"

"नाही."

"अंडं तर खाल्लंस."

"बिस्किटातलं दिसत नाही."

"हं," त्या म्हणाल्या. "आणि पाच वाजता चर्चच्या घंटा वाजतात. चोवीसला. पाच वाजता."

"हो का?"

"पाचला घंटा वाजल्या की नाताळ सुरू. मग सगळे जेवायला बसतात."

ही माहिती त्यांनी मला त्या आठवड्यात तीनदा दिली. मी तिन्ही वेळा "वा, छान" म्हटलं. एखाद्या प्रवाशाला गावातलं बघण्यासारखं सांगावं तसं त्या सांगताहेत असं मला वाटलं. मनातून मी दुसऱ्याच गोष्टीची वाट बघत होते. त्या म्हणतील, "कुमुद, तूही ये हो जेवायला," एवढीच. आमच्याकडे मोलकरणीलाही म्हणतात. पण शिकवणीतल्या बाईंनी आम्हाला बजावून सांगितलं होतं, चोवीस तारीख घरच्या माणसांची असते, त्या दिवशी कुणाच्या दारात जाऊ नका.

चोवीसच्या सकाळी त्यांनी मला वर बोलावलं ते खीर ढवळायला. तांदळाची, दुधातली, घट्ट. ती तासभर सतत ढवळावी लागते, आणि डाव्या हाताचं ते काम नाही. खीर होत आली तशी त्यांनी एक बशी माझ्यापुढे ठेवली. बशीत एक सोललेला बदाम. एक!

"हा टाक खिरीत."

"एकच?"

"एकच."

मी हिशेब केला. स्वेर्रे, त्याची बायको, दोन मुलं, या स्वतः. "पाच माणसांत एक?"

"पन्नास असली तरी एक." मग त्या दाराकडे वळल्या. "मी कपडे बदलून येते. मी बघत नसताना टाक. आणि ढवळ."

त्या गेल्या आणि मी त्या बदामाकडे बघत राहिले. काटकसर मला नवीन नव्हती. तो देशच काटकसरी. ब्रेडवर चीज इतकं पातळ की पलीकडचं दिसावं. पण सणाच्या दिवशी, इतक्या वर्षांनी मुलगा येणार, नातवंडं येणार, आणि पातेलंभर खिरीत एक बदाम? आणि 'मी बघत नसताना टाक'! म्हणजे बाईंना स्वतःलाच लाज वाटतेय, असं मी समजले. माझं काळीज हललं. मी धावत खाली गेले, माझ्या डब्यातले मूठभर बदाम घेतले, उकळत्या पाण्यात टाकून भराभर सोलले. आपण काप करतो. पण त्यांचा अख्खा होता म्हणून मीही अख्खेच ठेवले, त्यांच्या पद्धतीला धरून. सगळे खिरीत सोडले आणि ढवळले.

बोर्गहिल्डबाई परत आल्या त्या लोकरीच्या काळ्या झग्यात, छातीवर लोंबत्या चकत्यांचं चांदीचं लेणं. ओळखू येईनात.

"टाकलास?"

"टाकला."

आम्ही पातेलं त्यांच्या पलंगावर दुलईत गुंडाळून ठेवलं, आपण विरजण ठेवतो तसं. संध्याकाळपर्यंत गरम राहतं म्हणे. मग त्यांनी एका निळ्या कडेच्या ताटलीत सातही प्रकार मांडले, वर कागदी रुमाल झाकला आणि माझ्या हातात दिली.

"नाताळच्या शुभेच्छा, कुमुद."

"तुम्हालाही."

त्या दारात उभ्या राहिल्या. मी जिन्यात उभी राहिले. मला वाटलं, आता म्हणतील. त्या म्हणाल्या, "पाचला घंटा वाजतात."

"हो," मी म्हटलं आणि खाली आले.

दुपारनंतर खिडकीतले बूट बंद झाले. शेजारच्या घराकडून मटणाचा खारट, उग्र वास यायला लागला, मग समोरच्या घराकडून. आमच्या घरात मात्र वेलचीचाच. वरून काही वास येत नव्हता. मला वाटलं, बाईंना मटण चढवायला उशीर झाला. एका हातानं कसं उचलतील भांडं? जाऊन विचारावं का? मग शिकवणीच्या बाई आठवायच्या आणि मी बसायचे.

ताटली समोर होती. आठवडाभर गोड खाऊन माझी जीभ मेणासारखी झाली होती. मी कणीक घेतली, तिखट, ओवा, हळद, तीळ घातले आणि तिखट-मिठाच्या पुऱ्या लाटायला बसले. एकटीसाठी पुऱ्या तळण्यासारखं उदास काम नाही. तळत असताना एक कान वर होता. पावलं चुलीकडून खिडकीकडे गेली. "येतील हो," मी म्हटलं. खिडकीकडून चुलीकडे. पुन्हा खिडकीकडे. गाडीचा आवाज काही येईना.

पाच वाजले. घंटा वाजायला लागल्या. किती वेळ वाजत होत्या! आधी आमच्या गावातल्या, मग पाण्यापलीकडच्या कुठल्याशा चर्चच्या. थांबल्या तेव्हा सगळं इतकं शांत झालं की कढईतल्या तेलाचा आवाज मोठा वाटला. वर पावलं खिडकीशी गेली होती ती तिथून हललीच नव्हती. ना गाडी, ना मुलांचा दंगा, ना दार उघडल्याचा आवाज.

मी पुढ्यातल्या निळ्या ताटलीकडे बघितलं. ताटली त्यांची होती. ती परत करायला हवी, आणि रिकामी परत करता येत नाही. बोलावणं नसलं म्हणून काय झालं, ताटली परत करायला कुणाच्या बोलावण्याची गरज नसते. मी त्यातली बिस्किटं काढून डब्यात घातली, ताटली पुसली, गरम पुऱ्या रचल्या, आणि जिना चढले.

दार मी वाजवण्याआधीच उघडं होतं. म्हणजे कडी नव्हती, नुसतं लोटलेलं.

आत टेबलावर पांढरी चादर, दोन मेणबत्त्या, सात प्रकार सात ताटल्यांत. उकडलेले बटाटे, लोणी, वाटाणे, चीज, माझ्या भोसकलेल्या लेफ्सेंची चवड. मटण नव्हतं. थाळ्या दोन होत्या. खुर्च्या दोन.

बोर्गहिल्डबाई खिडकीपासून वळल्या.

"उशीर केलास," त्या म्हणाल्या. "पाच म्हणाले होते."

हातात पुऱ्या. "स्वेर्रे?"

"नाही येत."

"रस्ता बंद आहे का? बर्फ?"

"बर्फ कुठला. नोव्हेंबरातच फोनवर म्हणाला, जमणार नाही." त्यांनी खुर्ची ओढली. "बस. बटाटे गार होतात."

"मग सात प्रकार कुणासाठी?"

"बस ना."

मी बसले. "तुम्ही मला सरळ सांगितलं असतंत तर..."

"काय सांगायचं? मुलगा येत नाही, हात मोडलाय, तू ये? तर तू आली असतीस. कीव करायला येतं माणूस. तसल्या माणसापुढे चहा-बिस्किट चालतं." प्लास्टरच्या हातानं त्यांनी लोण्याची वाटी माझ्याकडे सरकवली. "मला पाहुणा हवा होता."

मी पुऱ्यांची ताटली पुढे केली.

त्यांनी वाकून बघितलं. "हे काय? हा आठवा झाला."

"तिखट मोजायचं नसतं."

त्यांनी एक पुरी उचलली, मोठा घास घेतला. दोन क्षण काही झालं नाही. मग त्यांचे डोळे भरले, वाहायला लागले, नाक लाल झालं. त्या पुसत होत्या, चावत होत्या, पुसत होत्या. तिखटाचा एक फायदा असतो, कुणी काही विचारत नाही. मीही एक पुरी घेतली. मला ती मुळीच तिखट लागली नाही, तरी माझेही डोळे वाहायला लागले.

शेवटी दुलईतलं पातेलं आलं. वर दालचिनी, साखर, मधे लोण्याचा गोळा. बाईंनी दोघींना वाढलं. अगदी जपून, चमचा चमचा खायला लागल्या. तिसऱ्या की चौथ्या घासाला त्या थबकल्या. जीभ गालात फिरली. मग साळसूदासारखा चेहरा करून पुढे खायला लागल्या. पुढच्याच घासाला पुन्हा थबकल्या. भुवया वर गेल्या. पुन्हा पुढे. त्यांचा गाल फुगायला लागला. दुखरी दाढ असावी असं मला वाटलं, आणि मी इकडे माझे बदाम कुडुमकुडुम चावत होते, एक, दोन, तीन.

त्यांनी चमचा खाली ठेवला. "कुमुव," त्या म्हणाल्या. तोंड भरलेलं. "तू काय चावतेयस?"

"बदाम."

"तुला मिळाला?"

"खूप मिळाले. तुम्हाला नाही का?"

त्यांनी बशी ओढली, तोंडाशी धरली. एक बदाम टपकला. मग दुसरा. मग आणखी. एकेक बघून त्यांचे डोळे मोठे होत गेले.

"किती घातलेस तू?"

"मूठभर. मला वाटलं, तुम्हाला परवडत नाही..."

आधी मला वाटलं त्यांना ठसका लागला. मग कळलं, हसताहेत. इतक्या दिवसांत मी त्यांना हसताना बघितलं नव्हतं. प्लास्टरचा हात टेबलावर आपटत, लेणं किणकिणत, पुन्हा डोळ्यांत पाणी आणून त्या हसल्या. मग दम खात खात त्यांनी मला सांगितलं. खिरीत बदाम एकच असतो. ज्याच्या वाट्याला येतो तो जिंकतो. पण ज्याला मिळाला त्यानं सांगायचं नसतं. गालात लपवायचा आणि खात राहायचं, पातेलं रिकामं होईपर्यंत. म्हणजे बाकीचे शोधत राहतात. म्हणजे कुणी टेबलावरून उठत नाही.

"जिंकलं की काय मिळतं?"

त्या उठल्या आणि त्यांनी भिंतीतलं कपाट उघडलं. मधल्या फळीवर गुलाबी डुकरं होती. बदामाच्या पिठाची, मुठीएवढी, चकचकीत कागदात गुंडाळलेली, गळ्यात लाल फीत. ओळीनं, गौरीपुढची आरास मांडावी तशी. पुढची दोन-चार टवटवीत. मागची फिकी होत होत पार करडी.

"दर वर्षी मी एक विकत आणते," त्या म्हणाल्या. "आणि दर वर्षी मीच जिंकते."

त्या कपाटाकडे बघून मला हसू येईना. त्यांनाही येईना.

"खाल्लं का नाही कधी?"

"स्वतःच ठेवलेलं बक्षीस कोण खाईल?"

त्यांनी सगळ्यात पुढचं डुक्कर काढून टेबलाच्या मधोमध ठेवलं, आणि बाही वर सारली. "आता नियमानं. चल, बदाम काढ."

आम्ही दोघी पातेल्यावर वाकलो आणि डाळीतले खडे निवडावेत तसे खिरीतले बदाम निवडून काढले. बशी भरली. पातेलं अजून निम्मं होतं.

"तोंड फिरव तिकडे."

मी खिडकीकडे तोंड केलं. काचेत मेणबत्त्या दिसत होत्या, आणि दोन बायका, एक झग्यात, एक स्वेटरात. मागे पळी फिरल्याचा आवाज आला.

"टाकला. एकच. ये."

त्यांनी वाढलं. आम्ही गंभीरपणे खायला लागलो. दुसऱ्याच चमच्याला माझ्या दाताला काहीतरी टणक लागलं. मी ते जिभेनं हळूच उजव्या गालात सारलं आणि घास गिळला.

"मिळाला?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुम्हाला?"

"छे."

मग आम्ही सावकाश खाल्लं. त्यांनी सांगितलं, स्वेर्रेनं लहानपणी एकदा बदाम गालात धरला आणि तसाच झोपून गेला, सकाळी उशीवर सापडला. मी सांगितलं, आमच्याकडे खापरावर केवढी मोठी पुरणपोळी करतात, आणि ती कशी दोन हातांवर झेलत मोठी करायची. त्यांनी विचारलं, "फुगते?" मी म्हटलं, "ती नाही फुगत." "मग ती तुला येत असेल असं वाटत नाही," त्या म्हणाल्या. पुन्हा वाढलं. पोट केव्हाच भरलं होतं. बाहेर एकदा एक गाडी गेली, आणि आमच्यापैकी कुणीही खिडकीकडे बघितलं नाही.

पातेल्याचा तळ दिसायला लागला.

"गेला कुठं असेल?" बोर्गहिल्डबाई म्हणाल्या. शब्द जरा जड येत होते. मी वर बघितलं. मेणबत्तीच्या उजेडात त्यांच्या डाव्या गालावर एक बारीकसा उंचवटा दिसत होता. बदामाएवढा.

मी माझा बदाम जिभेनं आणखी आत सारला.

"तळाशी असेल," मी म्हटलं.

त्यांनी पातेलं कलतं केलं. आत काही उरलं नव्हतं. तरी त्यांनी पळी घातली, कडेकडेनं नीट फिरवली, आणि माझ्या वाटीत वाढली. मग स्वतःच्या.

आम्ही चमचे उचलले.